घरचं चॉकलेट सिरप

विकतच्या बाटलीवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. आमच्या बाटलीवर साखर सर्वांत वर होती आणि कोको बराच खाली. ते वाचल्यापासून आमच्याकडे सिरप घरीच होतं.

माझं माप ठरलेलं आहे: एक वाटी साखर, पाऊण वाटी बिनसाखरेची कोको पावडर, एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ. कोकोत थोडा स्निग्धांश उरलेला असतो, त्यामुळे नुसती पावडर पाण्यावर तरंगते आणि तिच्या गुठळ्या होतात. म्हणून साखर आणि कोको आधी कोरडेच मिसळते, थोड्या कढत पाण्यात घोटून घेते आणि मग उरलेलं पाणी घालते. पातेलं ऐसपैस लागतं, कारण उकळी फुटली की तपकिरी फेस भराभर वर चढतो. आच मंद करून चार-पाच मिनिटं ढवळत राहायचं.

लाडवांच्या पाकाला सरावलेला हात इथे तार बघायला जातो. पण तार येईपर्यंत थांबलं तर बाटलीत गोळा बसतो, कारण कोकोतल्या पिठूळ अंशामुळे सिरप गार होताना आणखी दाटतं. सासूबाईंनी कोको कधी हाताळला नव्हता, पण मोरांब्याच्या पाकाची त्यांची युक्ती इथे तंतोतंत लागू पडली. गार बशीत एक थेंब टाकायचा आणि बशी तिरकी करायची. थेंब सावकाश ओघळला की गॅस बंद. व्हॅनिला त्यानंतरच घालायचा, नाहीतर वास उडून जातो.

टिकवण्याचं सगळं गणित पाण्याचं आहे. साखर पाणी बांधून ठेवते, पण या मापात बाहेर टिकण्याइतकी साखर नसते, म्हणून फ्रिज हवाच. काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून खडखडीत वाळवते. सिरप पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावत नाही. वाफ झाकणाला धरली की तिचे थेंब वरच्या थरात पडतात आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. चमचाही कोरडाच. एवढं पाळलं की दोन-तीन आठवडे चव जशीच्या तशी राहते.

मे महिन्यात घर मुलांनी भरलं की मी मोठी बरणी न भरता लहान बाटल्या भरते. एक संपली की दुसरी उघडायची. थंड दुधात हे सिरप क्षणात विरघळतं, आणि पहिल्या घोटाला साखरेआधी कोको लागतो. त्यासाठीच तर हा खटाटोप.