अर्धवट राहिलेली वही



मागच्या रविवारी लेकीने लॅपटॉपवर एक फिलिपिनो सिनेमा लावला, ‘लिओनोर विल नेव्हर डाय’. भाषा टॅगालोग, खाली इंग्रजी ओळी. मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. म्हटलं, चालू दे. थोड्याच वेळात शेंगा हातातच राहिल्या.

लिओनोर रेयेस ही एके काळची मारधाडीचे सिनेमे करणारी बाई. आता वय झालंय. विजेचं बिल भरायचं विसरते, मुलगा रुडी चिडतो. दुसरा मुलगा रोनवाल्डो कधीच गेलेला, पण त्याचं भूत घरात वावरतं आणि त्याचं कुणाला फारसं नवलही वाटत नाही. वर्तमानपत्रातली एक जाहिरात बघून ती आपली जुनी अर्धवट पटकथा बाहेर काढते. तिच्या नायकाचं नावही रोनवाल्डोच. आणि एक दिवस वरच्या खिडकीतून फेकलेला टीव्ही तिच्या डोक्यात पडतो. ती कोमात जाते. बाहेर घरचे काळजीत, आणि ही आत, स्वतःच्याच गोष्टीत शिरलेली!

मार्तिका रामिरेझ एस्कोबार या तरुण दिग्दर्शिकेचा हा पहिलाच मोठा चित्रपट. 2022 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. शीला फ्रान्सिस्को यांनी लिओनोर अगदी आपल्या शेजारची आजी वाटावी अशी केली आहे. गोष्टीतल्या गोष्टीत बंदुका आणि ठोसे भरपूर आहेत. मला ते बघवत नाही, दोनदा मान फिरवली. पण उठले नाही, कारण मला आमच्या आई दिसत होत्या.

माझ्या सासूबाई महिला मंडळासाठी नाटुकली लिहायच्या. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. तेव्हापासून आम्ही त्यांना काय विचारतो? गोळी घेतली का, पोट साफ झालं का, उशी उंच हवी का. सेवेत कसूर केली नाही, असं मला अभिमानाने वाटायचं. पण झटक्याच्या आदल्या आठवड्यात त्या एक नाटुकलं लिहीत होत्या, हे मी साफ विसरले होते. ती वही मीच आवराआवरीत माळ्यावर टाकली होती.

सिनेमा संपल्यावर वही खाली काढली. त्यांच्या समोर धरली आणि विचारलं, “आई, ती सून माहेरून परत येते, पुढे काय होतं?”

त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. डोळे भरले. मग अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “ती... येत नाही. सासूच... जाते... तिला आणायला.”

दीड वर्षात त्या एवढं लांब वाक्य बोलल्या नव्हत्या.

आता रोज दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी बसतो. त्या सांगतात, मी लिहिते. कधी दोन ओळी होतात, कधी एकही नाही. काल मी घाईत एक संवाद माझ्याच मनाने पुरा केला, तर डाव्या हाताने वहीवर चापट मारली!

तुमच्याही घरात कुणी अंथरुणावर असेल तर औषधाची वेळ सांभाळाच. पण त्यांचं अर्धवट काय राहिलंय, तेही एकदा विचारा.