मामा, कोणती घेऊ?

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

बंदुकीशी माझा संबंध एन. सी. सी.च्या पॉइंट टू टू रायफलीपुरता. तिच्यावर दुर्बीण नसते, आणि माझ्या पाच गोळ्यांपैकी तीन कुठे गेल्या हे उस्तादांनाही सापडले नाही. तेव्हा शिकारीच्या रायफलीवरील दुर्बिणीबद्दल मी लिहितो आहे हे ऐकून कानडी विभागाच्या संपादक मित्राने विचारले, "तू कॉमर्सचाच ना?" होय, कॉमर्सचाच. पण दुर्बीण म्हणा की कानडीत दुर्बीनु म्हणा, गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा तिचीच चर्चा जास्त झाली.

निमित्त झाले आतेभावाच्या फोनचे. तो अमेरिकेत ऑरेगन राज्यात असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद झाली. तिकडे मात्र परवाना काढून ठरलेल्या दिवसांत हरीण मारता येते. शेजाऱ्याच्या नादाने त्याने रायफल घेतली होती आणि आता विचारत होता, "मामा, दुर्बीण कोणती घेऊ? एक जर्मन आहे, काच अशी की तिन्हीसांजेला झाडाचे पान न्‌ पान दिसते. दुसरी इथलीच, काच बरी, पण मजबूत. पैसे एकीपुरतेच आहेत."

हे मामा म्हणजे माझे काका, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले हवालदार. ड्रॅगुनॉव्ह रायफल त्यांनी बरीच वर्षे वागवली. तिची दुर्बीण निव्वळ चारपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग अवघे २४ मिलिमीटरचे. काकांनी पापणीही न लववता निकाल दिला, "आपटली तरी बिघडत नाही ती घे."

मला हे पटेना. तीन रात्री वाचून मी काचेचे वकीलपत्र घेतले. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर चक्रवाढ व्याज उलटे लावल्यासारखे होते, शंभरातले सहासष्ट डोळ्यापर्यंत पोचतात. १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीच्या स्माकुला या शास्त्रज्ञाने भिंगावर अतिशय पातळ लेप देऊन ही गळती कमी केली. आजच्या उत्तम लेपांत पृष्ठभागामागे जेमतेम अर्धा टक्का जातो, म्हणजे शंभरातले पंचाण्णव हाती येतात. जर्मन शिकारी रानडुकरासाठी रात्री मचाणावर बसतात, म्हणून त्यांना आठपट आणि ५६ मिलिमीटरची दुर्बीण आवडते. छप्पन्न भागिले आठ म्हणजे सात. तेवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, आणि तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. हिशेब इतका चोख जुळलेला पाहून माझ्यातला कॉमर्सचा विद्यार्थी अगदी विरघळला.

काकांनी सगळे ऐकून घेतले आणि एक चकली उचलून म्हणाले, "आणि झिरो हलला तर?"

झिरो म्हणजे दुर्बिणीतली फुली आणि गोळी एका जागी पडण्याचा मेळ. नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. ती स्प्रिंगच्या दाबाने स्क्रूंना टेकलेली असते, आणि प्रत्येक बाराला रायफल जो धक्का देते तो या नाजूक संसाराला सोसावा लागतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. तेवढी फुली सरकली तर शंभर मीटरवर गोळी सुमारे तीन सेंटिमीटर बाजूला जाते. चार मिनिटे सरकली तर दोनशे मीटरवर जवळजवळ वीतभर. छातीची गोळी पोटात बसते. हरीण पडत नाही, झाडीत शिरते आणि तिथे रात्रभर मरत राहते. "काच धुरकट असली तर माणूस बार करायला कचरतो," काका म्हणाले. "काच लख्ख आणि झिरो हललेला असला, तर खुशाल चुकीचा बार करतो."

शिवाय ऑरेगनचा पश्चिम भाग पावसाचा. ल्यूपोल्ड ही तिथलीच कंपनी, मूळची जमीनमोजणीची उपकरणे बनवणारी. मालकाची दुर्बीण ऐन शिकारीत आतून धुरकटली, हरीण निसटले, म्हणून आम्ही या धंद्यात उतरलो, असे कंपनीच सांगते. त्यांची पहिली दुर्बीण १९४७ ची. पुढे आतली हवा काढून नायट्रोजन भरायची युक्ती आली आणि धुरकटणे थांबले. हे मीच वाचले होते, पण काकांच्या बाजूचे म्हणून सांगितले नव्हते.

वाद तिसऱ्या दिवशीही चालू होता. आजी वाती वळत बसली होती. एकाएकी म्हणाली, "आप्पांनी बंदूक का परत दिली, ठाऊक हाय काय तुम्हांस्नी?"

आमच्या खानापूरकडच्या शेतावर आजोबांची ठासणीची बंदूक होती एवढे मला माहीत होते. पिकाच्या राखणीचा परवाना होता. १९८० च्या सुमारास, भात कापणीला आलेले असताना, ते रात्री माळ्यावर बसले होते. बांधाशी सळसळ झाली. काहीतरी काळे, वाकलेले, पुढे सरकत होते. आजोबांनी बंदूक रोखली. तेवढ्यात ते काळे खोकले.

घोंगडीची खोळ घेतलेले, कंदील विझलेले, भाकरी घेऊन निघालेले ते माझे बाबा होते. वय वर्षे दहा.

"त्यो खोकला..." एवढेच म्हणून आजी पुन्हा वाती वळू लागली. बाबा म्हणाले, "मला तर काही कळलंच नव्हतं. सकाळी आप्पांनी मला बरोबर घेऊन बंदूक ठाण्यात जमा केली, आणि येताना कुंदा घेऊन दिला."

काकांनाही यातले काही ठाऊक नव्हते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी, थोडा बिचकतच, म्हणालो, "म्हणजे काच स्वच्छच हवी की नको?"

"हवी की," काका म्हणाले. "पण ती बंदुकीवर नको. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कोण आहे ते ओळखायला गेलास, तर ओळख पटेपर्यंत नळी त्याच्या छातीवरच असते. ओळखायची ती गळ्यातल्या दुर्बिणीतून. रायफल तोवर खाली."

मी खर्च बरोबर मांडला होता, खाते चुकले होते. त्याच रात्री आतेभावाला फोन लावला. चांगल्या काचेचे पैसे दोन डोळ्यांच्या दुर्बिणीत घाल, बंदुकीवर साधी, मजबूत, ४० मिलिमीटरची लाव. सहापटीवर ठेवली तरी साडेसहा मिलिमीटरच्या वर प्रकाश मिळतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने तिथे बार करायला कायद्यानेच बंदी, मग जर्मन मचाणावरची काच कशाला? एवढा माझा हट्ट काकांनी चालवून घेतला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. तीन दिवस पाऊस, चिखल, आणि तो दोनदा घसरून पडला होता. आजीने फोन घेतला. "दिसलं काय रे कायतरी?"

"दिसलं आजी. झाडीत हललं, गळ्यातली दुर्बीण लावून पाहिलं. शिंगं नव्हती. माझा परवाना नराचा."

"बरं झालं," म्हणून आजीने तो जेवतो काय, याची चौकशी सुरू केली. काका मागून ओरडून विचारत होते, बंदुकीवरची आतून धुरकटली काय म्हणून. नव्हती धुरकटली.