हात चालतात ना?

गोळी लागून पाय गेले असते तर पैसे जास्त मिळाले असते, हे मला खडकीच्या लष्करी रुग्णालयात, मणक्याच्या रुग्णांच्या वॉर्डात कळलं. आमच्या ह्यांची गाडी १९९८ च्या हिवाळ्यात सिक्कीममध्ये दरीत गेली होती. ड्युटीवर, सरकारी गाडीत, रसद घेऊन जाताना. पाठीचा मणका छातीच्या पातळीला तुटला. पुढच्या उन्हाळ्यात कारगिलमध्ये जखमी झालेला एक जवान शेजारच्या खाटेवर आला. त्याचाही मणका जवळजवळ तिथंच गेलेला. तीच लघवीची नळी, तेच दर दोन तासांनी कूस बदलणं. त्याची बायको आणि मी एकाच नळावर चादरी धुवायचो.

पण कागदावर दोघं वेगळे. त्याला ‘वॉर इंज्युरी पेन्शन’, ह्यांना ‘डिसॅबिलिटी पेन्शन’. सेवेचं पेन्शन दोघांनाही, प्रश्न वरच्या भागाचा. त्या वेळच्या दरानं १०० टक्के अपंगत्वासाठी जवानाला महिना १५५० रुपये मिळायचे. लढाईत जखमी होऊन घरी पाठवलेल्याला १०० टक्क्यांसाठी शेवटच्या पगाराएवढी रक्कम. सहाव्या वेतन आयोगानंतर अपघातवाल्यांचा भाग पगाराच्या ३० टक्के झाला, पण दरी तशीच राहिली. लढाईतल्या जखमेचा मान मोठा असावा, हे मला पटतं. तो जवान आणि त्याची बायको अजून आमच्या घरी येतात, मनात काही नाही. फक्त मानाचा हिशोब आणि रोजच्या गरजेचा हिशोब एकाच आकड्यात का बसवतात, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. कमरेखालची ताकद गेलेले फौजी तिथं राहतात, काम शिकतात, चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. तिथं राहा, असं ह्यांना सुचवलं गेलं. हे म्हणाले, घरी जायचं. घर म्हणजे दारव्हा तालुक्यातलं खेडं, दोन पायऱ्या आणि उंच उंबरठा. सासऱ्यांनी उंबरठा फोडला, तेव्हा सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. पुढं औषधपाण्यासाठी आम्ही यवतमाळला भाड्यानं राहायला आलो.

यवतमाळचा मे महिना अशा माणसासाठी नाही. ह्यांना छातीखाली घाम येत नाही, त्यामुळं अंग तापतं ते उतरत नाही. बाहेर पारा ४५ च्या पुढं गेला की मी ओल्या चादरी टाकत राहते. भारनियमन असलं की हवेची गादी खाली बसते आणि मला रात्रभर उशा सरकवाव्या लागतात. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली, तेव्हा शहरात पाण्यासाठी लोक रात्र-रात्र जागत. लोक प्यायच्या पाण्याची काळजी करत होते. मला नळी धुवायच्या आणि अंग पुसायच्या पाण्याची होती, कारण तिथं हयगय झाली की लघवीचा संसर्ग, थंडी वाजून ताप आणि पुन्हा भरती.

अलीकडं मुरलीकांत पेटकरांवर सिनेमा आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण ह्यांना त्यांचं उदाहरण देतो. १९६५ च्या युद्धात जखमी झालेला माणूस १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक आणतो, ही थोर गोष्टच आहे. पण पाहुणा चहा पिऊन जातो, आणि कूस बदलायची वेळ झालेलीच असते.

ह्या कामासाठी सरकारकडं पैसे आहेत, हे आम्हाला फार उशिरा समजलं. कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. १०० टक्के अपंगत्व असलेल्या पेन्शनरला सतत कुणाची तरी मदत लागते असं मेडिकल बोर्डानं लिहिलं, तर तो मिळतो. हुद्द्याप्रमाणं बदलत नाही, सगळ्यांना सारखा. ह्यांचं पेन्शन ठरलं तेव्हा तो महिना ६०० रुपये होता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका निवृत्त सुभेदारांनी सहज फाईल चाळली आणि विचारलं, “वहिनी, हा भत्ता कसा काय नाही?”

कारण जुन्या बोर्डाच्या कागदात त्या प्रश्नापुढं ‘नाही’ लिहिलेलं होतं. कसं ते मला माहीत होतं, मी दाराशी उभी होते. डॉक्टरांनी विचारलं होतं, “हाथ तो चलते हैं ना?” हे म्हणाले, “चलते हैं, सर.” खाना? खा लेता हूँ. बाकी? सब ठीक है, सर. फौजेत साहेबांनी विचारल्यावर दुसरं उत्तर द्यायला शिकवतच नाहीत.

तेव्हा फेरतपासणीचीही कटकट होती. बोर्डानं टक्केवारी दोन वर्षांसाठीच दिलेली, जणू तेवढ्यात कणा सांधून येणार होता. ७ फेब्रुवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रानं कायमच्या अपंगत्वाची ही वारंवार तपासणी थांबली, एवढं बरं झालं. पण जुनं ‘नाही’ त्याच पत्रानं पुसलं जाणार नव्हतं. नवीन अर्ज, रेकॉर्ड ऑफिस, पुन्हा रेकॉर्ड ऑफिस, आणि मग बोर्डाची तारीख.

जाताना गाडीतच मी ह्यांना सांगून ठेवलं, “ह्या बारीले मी बोलतो.” वऱ्हाडात बायकाही ‘बोलतो’च म्हणतात. हे काही बोलले नाहीत.

बोर्डावर एक बाई होत्या, कर्नल. त्यांनी ह्यांनाच विचारलं, ह्यांनी सवयीनं “ठीक है, मॅडम” म्हटलं. मग मी बोलले. पोट साफ व्हायला सकाळी किती वेळ लागतो आणि माझा हात त्यात कुठं लागतो. नळी कोण घालतं. अंथरूण ओलं झालं तर ह्यांना ते कळत नाही, मला वासानं कळतं. पाठीची जखम एकदा किती खोल गेली होती. खाटेवरून खुर्चीत घेताना दोनदा पडले, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मी सगळं सांगितलं, आणि हे समोर भिंतीकडं बघत बसले होते. त्या बाई लिहीत होत्या. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. माझ्या कामाला कागदावर जागा मिळायची, तर ह्यांचा दुबळेपणा तिथं अक्षर-अक्षर लिहिला जाणं भाग होतं, आणि तो ह्यांनी ऐकणंही.

परतताना कळंबला चहाला थांबलो, तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. “तू तं माहा पंचनामाच केला.”

मी म्हटलं, “हाव. सही तुमची हाय त्याच्यावर.” मग हसले.

भत्ता मंजूर झाला, बोर्डाच्या तारखेपासून. मागची वर्षं गेली ती गेली. तेव्हा दर ३००० होता, जुलै २०१७ पासून ६७५० झाला. तेव्हा दिवसाला २२५ रुपये. रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी २०१ होती, म्हणजे मी रस्त्यावर माती टाकणाऱ्या बाईपेक्षा थोडी पुढं होते. तिला रात्री सुट्टी असते, तेवढा फरक. पैसे अर्थात ह्यांच्या खात्यात येतात. आणि सरकारी दवाखान्यात भरती असेपर्यंत हा भत्ता थांबतो, कारण तिथं नर्स असते म्हणे. हा नियम लिहिणाऱ्यानं वॉर्डात खाटेखाली सतरंजी टाकून रात्र काढलेली नसावी.

तरी पहिल्या महिन्याच्या पैशातून मी एक मुलगा ठेवला, सकाळचे दोन तास. त्या दोन तासांत मी झोपायची. इतर कशासाठी नाही, नुसती झोपायची.

माझा भाचा सध्या पोस्टल ग्राउंडवर पहाटे धावतो, अग्निवीर व्हायचं म्हणून. मी त्याला एकच विचारलं, अपंगत्व आलं तर काय मिळतं, वाचलंस का? वाचलं होतं. १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५, ५० ला १५, एकरकमी. शिवाय उरलेल्या कराराचे पैसे. पेन्शन नाही. “मावशी, ४४ लाख म्हणजे लई होतात,” तो म्हणाला. मी त्याला आकडेमोड करून दाखवली नाही. तो जेमतेम विशीचा आहे. ह्यांचा अपघात झाला तेव्हा हे एकतीस वर्षांचे होते, आणि तेव्हापासून पंचवीसहून जास्त वर्षं आम्ही काढली आहेत.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत सैनिक कल्याणच्या त्या सुभेदारांनी एका मुलीला माझ्याकडं पाठवलं. उमरखेडकडची, कडेवर लेकरू. नवऱ्याच्या मानेचा मणका गेलेला, बोर्डाची तारीख लागलेली. मी तिला सांगितलं, तो काय करू शकतो ते डॉक्टर त्याला विचारतील, तू काय करतेस ते तू सांगायचं, न विचारता. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणं लाव. जखमेचे फोटो घे.

तिनं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “काकू, हे ह्यांच्या समोरच सांगा लागन का?”

“समोरच. अन् घरी एकदा त्याले अगोदर सांगून ठेव, म्हणजे तिथं पयल्यांदा आयकाले नको.”