गच्चीवरची सतरंजी

आज चाळीच्या गच्चीवर मुलांचं मंडळ सुरू झालं. भांडवल काय, तर एक सतरंजी, एक कॅरम आणि बोरिक पावडरचा अर्धा डबा. शाळा सुटल्यापासून आईबाबा कामावरून येईपर्यंत ही पोरं जिन्यात मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची.

मी गोष्टीची वही उघडली, तर सातवीतली एक म्हणाली, "काका, आधी राणी शोधा, हरवलीय!" शेवटी शर्टाचं लाल बटण राणी झालं. वही मिटली ती मिटलीच.

मुलांना असं जमवणं काही नवं नाही. १९४१ साली एस. एम. जोशी राष्ट्र सेवा दलाचे प्रमुख झाले. दलाच्या शाखांतही बौद्धिकासोबत खेळ आणि गाणी होतीच. मी मात्र थेट बौद्धिकालाच हात घातला होता.

दिवेलागणीला अकरा पोरं होती. उद्या आणखी एक सतरंजी लागेल.