टिटवीच्या अंड्याला कसं कळतं?

चि. नीलू,


तुझं पत्र परवा पोचलं. पहिली-दुसरीच्या मुलांना ‘प्राणी कसे लपतात’ शिकवायला तू बर्फातल्या पांढऱ्या अस्वलाचा तक्ता आणलास म्हणे. तक्ता छानच असेल. पण आपल्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर. शाळेमागचा माळ काय वाईट आहे?

आधी एक खेळ घे. हिरवळीवर लोकरीचे बोटभर तुकडे पसर, 20 हिरवे, 20 लाल. तुकडे म्हणजे किडे, मुलं म्हणजे चिमण्या. दहापर्यंत मोजायचं, तेवढ्यात वेचायचं. ओंजळीत लालच जास्त येतात. मग म्हणावं, गवतात राहिले तेच किडे उद्या अंडी घालणार. ‘मायावरण’ हा शब्द फळ्यावर आला नाही तरी चालेल.

हे मुद्दाम सांगते, कारण मी चुकले होते. ‘जीव वाचवायला प्राणी तसा रंग घेतात,’ असं मी वर्षानुवर्षं ठोकून दिलं. एकदा दुसरीतल्या एकानं विचारलं, “बाई, मग टिटवीच्या अंड्याला कसं कळतं, आपण कुठल्या दगडांत आहोत ते?” मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. तो तास काही आला नाही. अंड्याला काहीच कळत नसतं गं! उठून दिसणारी अंडी पिढ्यान्‌पिढ्या कावळ्या-मुंगसांनी फस्त केली, खड्यांसारखी दिसणारी उरली. सरड्याला तर आपण उगाच बदनाम केलंय. विणीच्या दिवसांत नराचं डोकं, गळा लाल होतो तो लपायला नव्हे, मिरवायला.

टिटवी मात्र दाखवच. उन्हाळ्यात माळावरच्या उथळ खळग्यात तिची बहुधा चार अंडी असतात, मातकट, वर काळे ठिपके. पिल्लं तर आई ओरडली की जागच्या जागी दबून बसतात. आपल्या मुलांचा ‘स्टॅच्यू’च तो! एका मुलाला मातकट चादर पांघरून माळावर बसव, बाकीच्यांवर राज्य. नुसता खांदा खाजवला तरी सापडेल. न हलणं रंगाइतकंच कामाचं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

कुणीतरी विचारेलच, वाघ केशरी, गवत हिरवं, मग तो लपतो कसा? हरणाच्या डोळ्यांना केशरी आपल्यासारखा दिसत नाही. वाघ त्याला झाडोऱ्यात मिसळून गेलेला वाटतो. लपायचं ते समोरच्याच्या डोळ्यांपासून; आपल्याला दिसला म्हणून वाघाचं काय बिघडतं?

एक मात्र पाळ. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की मुलांना लगेच मागे घे. अंड्यांना हात नको आणि जागा लक्षात राहावी म्हणून काठीही रोवू नकोस. कावळे बघत असतात.

तुझी,
आत्या