दुभाषी

संजीवन सभेत मी व्यासपीठावर दुभाषी म्हणून उभी होते. वक्ते इंग्रजीत, मी मराठीत. प्रार्थनेसाठी पुढे आलेल्या एका मावशींना ते म्हणाले, विश्वास असेल तर शुगरच्या गोळ्या आजपासून बंद. मी तेही मराठीत सांगितलं. भाषांतरकाराने मध्ये पडू नये, ही जुनी सवय. मावशी ‘आमेन’ म्हणाल्या.

अशा सभांचा मला तिटकारा नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली प्रार्थनेत आक्रोश करू लागल्या, पुढे काहीजणी अन्य भाषांत बोलल्या. पंडिता रमाबाईंनी त्यांना अडवलं नाही. पण अन्य भाषा हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण, असंही त्यांनी मानलं नाही. त्याच रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना वर्षानुवर्षं एकेक शब्द पारखत होत्या.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं, की अर्थ सांगणारा कुणी नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने सभेत गप्प राहावं. अर्थ सांगणारा म्हणजे आपल्याच धंद्यातला, म्हणून मला हे वाचताना थोडी ऐट वाटायची. त्याच पत्रात आत्मे पारखण्याचं दानही आहे. ते वक्त्यांनी नाहीतर पाळकांनी बघावं, असं मी धरून चालले होते.

सभा सुटल्यावर मावशींना चपलांपाशी गाठलं. म्हटलं, ‘‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका हं.’’

त्या गोंधळल्या. ‘‘अहो ताई, पण बंद करा असं मघाशी तुम्हीच तर सांगितलंत!’’