डेझर्ट पॉईंटची लाट

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर गेलो. ससाक मुसलमानांचं हे बेट 'हजार मशिदींचं बेट' म्हणून ओळखलं जातं. तिथल्या बोलीत खबर, दुनिया, वक्त असे आपले शब्द थोडे वेगळ्या उच्चारात भेटतात, त्यामुळे माझ्यातला उर्दूचा मास्तर खूश होता. सोबतच्या भाच्याला मात्र एकच ध्यास. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, बांको-बांकोजवळ फुटणारी 'डेझर्ट पॉईंट'ची लाट! गोव्यात तो तीन वर्षं सर्फिंग शिकलाय. फळी घरूनच आणली होती. आणि मी आपाला, म्हणजे त्याच्या अम्मीला, शब्द देऊन बसलो होतो.

शेवटचा रस्ता हाडं खिळखिळी करणारा. पुढे काही झोपड्या आणि समोर समुद्र.

दूर दक्षिणेच्या वादळांत उठलेल्या लाटा हिंदी महासागर ओलांडून येतात आणि इथे खोल पाण्यातून एकदम उथळ प्रवाळावर चढतात. लाटेचा पाय अडतो, माथा पुढे कोसळतो आणि मध्ये पाण्याची पोकळ नळी होते. त्या नळीतून सुसाट बाहेर पडायचं, हा सगळा खेळ. 2024च्या ऑलिंपिकचं सर्फिंग ताहितीत अशाच प्रवाळावरच्या लाटेवर झालं होतं. एरवी लाटा किनाऱ्याकडे येता येता दमतात. ही मात्र खडकाच्या कडेने पुढे जाताना मोठी आणि वेगवान होत जाते, आणि जिथे वेग जास्त तिथेच पाणी सर्वांत कमी. त्यात सामुद्रधुनीचा ओढा. हात मारणं थांबवलं की माणूस वाहत गेलाच. गोव्यात पडलं तर तोंडात वाळू जाते. इथे खाली सुरीसारखं प्रवाळ. सूर मारायचा नाही, अंग पसरून वरच्या वर पडायचं, हातांनी डोकं झाकायचं, हे भाच्यानेच मला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

ओहोटी लागली होती. एक गोरा तरुण लंगडत बाहेर आला, पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत सोललेली. दहा-बारा वर्षांचा सराव असलेला माणूस, असं कळलं.

सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या नावाड्याने आमचा सलाम घेतला, फळीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "हाती-हाती." त्यांच्या भाषेत याचा अर्थ सांभाळून. मला तो मराठीच वाटला.

नको म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. म्हटलं नाही. वीस वर्षं मुलांना शिकवतोय. नको म्हटल्यावर काय होतं ते ठाऊक आहे. भाचा फळीला मेण लावत राहिला. मग हात थांबले. तासभर नुसता लाटा मोजत बसला.

"मामू, अजून दोन-तीन वर्षं लागतील," शेवटी म्हणाला आणि फळी पिशवीत घातली.

रात्री आपाचा फोन. "उतरला का रे पाण्यात?"

"उद्या उतरेल," मी म्हटलं, "सेलोंग बेलानाकला. तिथे वाळू आहे."